बर्फ सुटायचे दिवस

एप्रिल संपत आला की फ्रीमाँटच्या टेकड्यांचा हिरवा रंग उडायला लागतो. आधी उन्हाकडच्या उतारांवर पिवळट चट्टे दिसतात, मग दोन-तीन आठवड्यांत सगळी टेकडी वाळल्या गवताची होऊन जाते. फ्रीवेवरून ऑफिसला जाणारे लोक हे रोज बघतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र पहिला पिवळा चट्टा दिसला की फोन सतत हाताशी लागतो. अंघोळीला जाताना तो मी बाथरूमच्या दाराशी ठेवते. कोथिंबीर निवडताना मधेच हात थांबतात, आणि आपण कशाचा कानोसा घेत होतो ते माझं मलाच कळत नाही.

"तुझा बर्फ सुटायला लागला वाटतं," माझा नवरा श्रीकांत म्हणतो. चिडवायला म्हणत नाही. एवढं बोलून तो चहा टाकतो, माझ्यासमोर कप ठेवतो आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला बसतो. गेली सात वर्षं हे असंच चाललंय.

इथून दोन हजार मैलांवर, अलास्कात, एक नदी आहे. हिवाळाभर ती गोठलेली असते आणि तीच तिथला रस्ता असते. एका गावाहून दुसऱ्या गावाला लोक तिच्यावरून ट्रक चालवतात, स्नोमशीन नावाच्या बर्फावरच्या घसरगाड्या पळवतात. एप्रिल सरताना हा रस्ता आतून कुजायला लागतो. वरून पांढरा शुभ्र दिसतो, पण खालून पाणी त्याला खात असतं. मग काही दिवस असे येतात की बर्फावरून गाडी नेता येत नाही आणि पाण्यात होडी घालता येत नाही. त्या दिवसांना तिकडे सगळे 'ब्रेकअप' म्हणतात. मी हे पहिल्यांदा फोनवर मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली होती. "ममा, अख्ख्या गावाचा ब्रेकअप?" मीही हसले होते. तेव्हा मला तिथे जाऊन जेमतेम महिना झाला होता.

मी फॅमिली डॉक्टर आहे. नागपूरला शिकले, लग्न होऊन इकडे आले, परीक्षा दिल्या, आणि वीस वर्षं फ्रीमाँटमध्ये दर पंधरा मिनिटांना एक पेशंट या चालीने काम केलं. मुलगी कॉलेजला गेली तशी घरातली एक खोली रिकामी झाली आणि माझ्या आतलीही. अलास्कातल्या एका हॉस्पिटलला चार महिन्यांसाठी डॉक्टर हवा होता. मी अर्ज केला आणि फेब्रुवारीच्या थंडीत तिथे उतरले.

ते हॉस्पिटल तिथल्या मूळ लोकांचं आहे, युपिक लोकांचं. त्यांच्यासाठी बांधलेलं नव्हे, त्यांचंच. आसपासची गावं आपापला माणूस बोर्डावर पाठवतात, आणि डॉक्टर त्या बोर्डाचा नोकर असतो. हे मला कागदावर माहीत होतं. गावं लांब लांब पसरलेली, रस्ते नाहीत, छोट्या विमानाने जायचं. तीन-चारशे वस्तीच्या गावात डॉक्टर कुठून असणार. नर्ससुद्धा नसते. दोन खोल्यांचा दवाखाना असतो आणि तो चालवते गावातलीच कुणीतरी, काही आठवड्यांच्या वर्गांत टप्प्याटप्प्याने शिकून तयार झालेली. तिला हेल्थ एड म्हणतात. आपल्या आशाताई डोळ्यांसमोर आणा, आणि मग त्यांना पेशंट तपासायची, टाके घालायची, औषधं द्यायची, वेळ आली तर बाळंतपण करायची मुभा आहे असं समजा. रोज सकाळी ती हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला फोन करते, एकेक पेशंट सांगते आणि पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात.

माझ्याकडे तीन गावं होती. त्यांतल्या एका गावाची हेल्थ एड होती एस्तर.

तिला मी आधी आवाजानेच ओळखत होते. खालच्या पट्टीतला, सावकाश आवाज. बावीस वर्षं ती हे काम करत होती. तिच्या दोन वाक्यांच्या मधे एवढी जागा असायची की मी त्यात माझी तीन वाक्यं कोंबायचे. मला वाटायचं, मी तिचा वेळ वाचवतेय.

तो मंगळवार होता. एस्तरच्या यादीत सहा पेशंट होते आणि शेवटचं होतं चार महिन्यांचं बाळ. दोन दिवस सर्दी-खोकला. ताप नाही. श्वास मिनिटाला चोपन्न, ऑक्सिजन चौऱ्याण्णव. दूध पितंय, थोडं कमी. मी आकडे लिहून घेतले. वाईट नव्हते.

"त्याची आजी म्हणते, हे त्याचं नेहमीचं रडणं नाही," एस्तर म्हणाली.

"घसा बसला असेल. नाक साफ करत राहा, उद्या परत बघू."

ती थांबली. मग म्हणाली, "आज बर्फ टिकून आहे."

"वा, छान," मी म्हटलं. हवापाण्याच्या गप्पा असतात ना, तसं. "मग उद्या सकाळी पहिला फोन याच बाळाचा करू. ठीक आहे ना?"

पलीकडे शांतता. मी ती 'ठीक आहे' अशी वाचली आणि फोन ठेवला. अजून दोन गावांचे फोन राहिले होते.

त्या गावाची धावपट्टी नदीच्या फाट्यापलीकडे आहे. हिवाळ्यात बर्फावरून गाडीने पाच मिनिटं, उन्हाळ्यात होडीने दहा. नकाशा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलेला होता. रोज त्याच्याखाली बसून मी कॉफी प्यायचे. 'आज बर्फ टिकून आहे' म्हणजे 'आज बाळाला पलीकडे नेता येईल, उद्याचं सांगता येत नाही', हे कळायला मला दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली.

बुधवारी आठ वाजता एस्तरने व्हिडिओ लावला. तिने काही सांगायच्या आधीच मला बाळाच्या बरगड्या दिसल्या. प्रत्येक श्वासाला कातडी आत खेचली जात होती. ऑक्सिजन पंच्याऐंशी. एस्तरने नाकाला नळी लावलेली होती, नाकातला चिकटा खेचून काढायचं काम चालू होतं. पडद्याच्या कडेला खुर्चीवर बाळाची आई बसली होती. जोआना तिचं नाव, असेल वीस वर्षांची. बाळाचा एक पाय हातात धरून बसली होती आणि कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

"विमान पाठवते," मी म्हटलं.

"बर्फ काल संध्याकाळी सुटला," एस्तर म्हणाली. "फाट्यावर जाता येत नाही. आणि धुकं आहे."

मग मी ते सगळं केलं जे डॉक्टर करतात. हेलिकॉप्टरसाठी फोन केले. धुकं उठलं की निघतो, पोचायला तिथून पुढे तीन तास, म्हणाले. शहरातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते एस्तर आधीच करत होती. दर अर्ध्या तासाने मी तिला आकडे विचारत होते. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. सत्त्याऐंशी. मी आकडे विचारत होते कारण मला दुसरं काही विचारता येत नव्हतं. माझ्या खिडकीबाहेरही धुकं होतं, समोरची पार्किंगमधली गाडी दिसत नव्हती. मी उठून खिडकीशी जायचे, परत येऊन बसायचे. माझं धुकं उठलं म्हणून तिचं उठणार नव्हतं, तरी जात होते.

चिंतेचे तास आठवतात ते असेच, तुकड्यातुकड्यांनी. टेबलावर कुणीतरी ठेवलेलं सँडविच. त्याच्या कागदावर मी काढलेल्या रेघा. मंगळवारचा माझ्याच अक्षरातला कागद समोर होता, आणि त्यावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. आजीचं वाक्य सोडून. बर्फाचं वाक्य सोडून.

चार वाजता एस्तर म्हणाली, "मधे मधे तो श्वास घ्यायचा विसरतोय. पाठीला चोळलं की घेतो."

हे कुठल्याही डॉक्टरला कळतं. बाळ दमलं होतं. आता वेळ उरला नव्हता.

पलीकडे फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. हा नेल्सन, गावात हरवलेल्या-बुडालेल्यांना शोधायला जाणाऱ्या माणसांचा म्होरक्या. त्याच्याशी मी कधी बोलले नव्हते.

"आम्ही बाळाला पलीकडे नेतो," तो म्हणाला. "ॲल्युमिनियमची होडी बर्फावरून ओढत नेऊ. बर्फ फुटला तर होडी तरंगेल."

"नको," मी म्हटलं. "ऑक्सिजन लावलेलं बाळ आहे, आई आहे, एस्तर आहे. हेलिकॉप्टरची वाट बघू. हे मला सेफ वाटत नाही."

तो बराच वेळ थांबला. मी परत काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते मिटलं.

"बाळाचं तू बघ," तो म्हणाला. "बर्फाचं आम्ही बघतो. दोन तासांत धुकं फाटेल. तेव्हा विमान त्या बाजूला हवं."

तो माझी परवानगी मागत नव्हता. हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. पण माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, आणि लगेच त्या उतरण्याची मला लाज वाटली.

मी विमानाला फोन केला. नेल्सन आणि गावातली चार माणसं होडीला दोर बांधत होती. एस्तर, जोआना आणि बाळ होडीत बसणार होते. बाळ जोआनाच्या पार्क्याच्या, म्हणजे जाड टोपीवाल्या कोटाच्या आत, छातीशी. एस्तर तिच्यासमोर गुडघ्यांवर, हाताने मास्क धरून. दवाखान्यात राहणार होती दुसरी हेल्थ एड, लीना. तिला मी म्हटलं, फोन ठेवू नकोस.

तिथे घराघरात रेडिओ असतो, बोलता येणारा. कुणाला मासे मिळाले, कुणाचं कुत्रं सुटलं, सगळं त्यावर. होडीवरही तसाच एक होता. लीनाने माझा फोन दवाखान्यातल्या रेडिओसमोर धरला. आणि मी, त्या सगळ्यांची डॉक्टर, पन्नास मैलांवर खुर्चीत बसून एक अशी भाषा ऐकत राहिले जिच्यातला एकही शब्द मला कळत नव्हता.

खरखर. एक माणूस बोलला. दुसऱ्याने एका शब्दात उत्तर दिलं. खरखर.

"काय म्हणाले?"

"थांबलेत. नेल्सन काठीने बर्फ बघतोय."

मग बराच वेळ काही नाही. फळीवर काहीतरी आपटल्यासारखा आवाज. कुणाचा तरी मोठा आवाज, मग दोन-तीन एकदम.

"लीना?"

"एकजण कमरेपर्यंत आत गेला. होडीला धरून आहे."

"आणि होडी?"

मी फोन एवढा दाबून धरला होता की कान दुखत होता. मला आठवतंय, मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला अडकले. लहानपणी रोज म्हणायचे. अडकलेलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आणि मग रेडिओवर कुणीतरी हसलं. एक हसलं, मग दुसरं. लीनाही हसली.

"काय झालं?"

"तो माणूस होडीत चढलाय. नेल्सन त्याला म्हणाला, तुझी वर्षाची अंघोळ झाली." मग ती म्हणाली, "पोचलेत. पलीकडे पोचलेत, डॉक्टर."

धुकं साडेसहाला फाटलं. मे महिना तोंडावर आला की तिकडे दिवस मावळायचं नाव घेत नाही. विमान उतरलं तेव्हा लख्ख ऊन होतं.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हा मी एस्तरला पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, रुंद चेहऱ्याची बाई. पँट मांड्यांपर्यंत ओली, उजवा हात आखडून वाकडा झालेला. चार तास त्या हाताने तिने मास्क धरला होता आणि आता तिला बोटं उघडता येत नव्हती. जोआनाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मग ते बाळ आमच्या हातात आलं, घशातून श्वासाची नळी घातली, मशीन लागलं आणि पुढच्या विमानाने ते शहरात गेलं. सहा दिवस मशीनवर होतं. महिन्याच्या आत घरी आलं.

बाळ वाचलं. हे मी आधीच सांगून टाकायला हवं होतं, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागला नसता. पण माझा लागला होता, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता खाली आलेला नाही.

हॉस्पिटलमध्ये मला कुणी बोललं नाही. बरोबरच्या एका डॉक्टरने कागद वाचून खांद्यावर हात ठेवला. "या आकड्यांवर मीही हेच केलं असतं. तुझं चार्टिंग एकदम परफेक्ट आहे." तो चांगल्या मनाने म्हणाला. त्या दिवसापासून मला माझ्या चार्टिंगची, त्या नीटनेटक्या नोंदींची, भीती वाटते.

दोन आठवड्यांनी निरोप आला. गावाच्या आरोग्य समितीने मला बोलावलं होतं. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं.

तोवर नदी मोकळी झाली होती. विमानातून उतरल्यावर होडीने फाटा ओलांडताना मी पाण्याकडे बघितलं नाही. गाव चिखलात लाकडी फळ्यांच्या वाटांवर उभं होतं. चिखलाचा, ओल्या कुत्र्यांचा, धुराचा वास. मासे वाळवायच्या मांडवांवर अजून काही नव्हतं, नुसते बांबूसारखे दांडे. वरून रानबदकांच्या रांगा ओरडत जात होत्या. लहान मुलं माझ्या मागून चालत होती आणि मी वळले की थांबत होती. तिसाव्या वर्षी लायसन्सच्या परीक्षेलाही मी एवढी घाबरले नव्हते.

नागपूरला असताना इंटर्नशिपचे काही महिने मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले होते. तिथेही ग्राम आरोग्य समिती होती. तिची बैठक म्हणजे मेडिकल ऑफिसर साहेबांच्या टेबलावर एक रजिस्टर, त्यात आधीच लिहिलेला ठराव, आणि व्हरांड्यात बसलेल्या पाच-सहा जणांचे अंगठे. मीच ते रजिस्टर घेऊन व्हरांड्यात जायचे. इथे तशाच एका खोलीत मी आत गेले, तर मधोमध एक रिकामी खुर्ची होती आणि ती माझी होती.

नऊ माणसं. आधी त्यांनी मला रानबदकाचं सूप दिलं. मी खाईपर्यंत कुणी विषयाला हात घातला नाही. मग बाळाच्या आजीने युपिकमध्ये काहीतरी विचारलं. लीनाने इंग्लिशमध्ये सांगितलं.

"त्या मंगळवारी तू काय ऐकलंस, ते तिला हवंय."

मी सांगायला सुरुवात केली. श्वास किती, ऑक्सिजन किती, ताप नव्हता. आजी ऐकत होती.

"आणखी?"

"तुम्ही म्हणालात की हे त्याचं रडणं नाही."

"आणखी?"

"बर्फ टिकून आहे."

लीनाने ते युपिकमध्ये सांगितलं. आजीने भुवया वर उचलल्या. मी गोंधळून लीनाकडे बघितलं. "ती हो म्हणतेय," लीना म्हणाली. "आमच्यात हो असं म्हणतात."

भुवया. मंगळवारी फोनच्या पलीकडे, त्या शांततेत, एस्तरच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कधीच दिसणार नव्हतं. आणि 'नाही'? मी विचारलं, नाही कसं म्हणतात? लीनाने नाक किंचित आक्रसलं. खोलीतल्या दोघी-तिघी हसल्या. मला हसता आलं नाही.

कुणी मला दोष दिला नाही. त्याची मी सगळी तयारी करून गेले होते, उत्तरंसुद्धा पाठ केली होती. ती तशीच राहिली. नेल्सनने एक कागद वाचला. बर्फ सुटायच्या आणि धरायच्या दिवसांत विमान बोलवायचं की नाही, हे गावची हेल्थ एड ठरवेल. डॉक्टरला ती कळवेल. डॉक्टरने आधी विमान पाठवायचं, शंका नंतर विचारायच्या. हा कागद ते बोर्डाकडे पाठवणार होते.

"तुझं काही म्हणणं आहे?" त्याने मला विचारलं.

म्हणणं होतं. उगाच विमानं उडतील, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी थांबले. त्यांच्यासारखी थांबले, म्हणजे तसा प्रयत्न केला. त्या थांबण्यात मला ऐकू आलं की ही शंका माझी नाहीच, मला कुणीतरी शिकवलेली आहे.

"नाही," मी म्हटलं.

परत जाताना एस्तरने होडी चालवली. आम्ही दोघीच होतो. मोटारीच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून पलीकडे लागल्यावर तिने ती बंद केली आणि आम्ही विमानाची वाट बघत होडीतच बसून राहिलो. मी सॉरी म्हटलं. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं, लांबलचक सॉरी. ती पाण्याकडे बघत होती.

"मी दोनदा सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू सांगितलं होतंस."

"एकदा. मला माहीत होतं तुला कळलं नाही. तू 'छान' म्हणालीस." ती आखडलेल्या हाताची बोटं दुसऱ्या हाताने चोळत होती. अजून दुखत असावीत. "खूप वर्षांपूर्वी एका डॉक्टरशी मी वाद घातला. विमान आलं, आणि त्या बाईला काही झालेलं नव्हतं. तो मला म्हणाला, तू घाबरट आहेस. तेव्हापासून मी एकदाच सांगते."

"कोण होता तो?"

"नाव आठवत नाही. तुम्ही सगळे येता आणि जाता." हे तिने रागाने म्हटलं नाही. वारा कुठल्या बाजूने आहे ते सांगावं तसं म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या रात्री घरी जाऊन मला झोप लागली नाही. मी फोन परत करू शकले असते. हातात होता."

एवढे दिवस मी ही चिंता माझ्या एकटीची समजत होते. अगदी जपून, कुणाला हात लावू न देता बाळगत होते. ती तर आधीपासून त्या होडीत बसलेली होती.

जूनमध्ये माझे चार महिने संपले. मी परत गेले नाही. दरवर्षी जायचं म्हणते. श्रीकांतचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग मुलीचं लग्न, मग नागपूरला आईचं आजारपण. कारणं सगळी खरी आहेत. इथे क्लिनिकमध्ये पेशंटचं सांगून झाल्यावर मी आता थोडी थांबते. पंधरा मिनिटांतली दोन त्यात जातात आणि मॅनेजर मला त्याबद्दल ईमेल लिहिते. कधी कधी त्या दोन मिनिटांत काहीच येत नाही. पेशंट मोबाइल बघतो. कधी एखाद्या काकू, दाराच्या मुठीवर हात ठेवून, खरं काय ते बोलतात.

गेल्या आठवड्यात टेकडीवर पहिला पिवळा चट्टा दिसला. गुरुवारी मी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत पिशव्या ठेवत होते आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, पण सुरुवातीचे आकडे अलास्काचे होते. या दिवसांत तिकडून फोन. मी गाडीचं दार धरलं.

"डॉक्टर? मी जोआना."

सात वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नव्हती.

"मुलगा बरा आहे ना?" मी आधी हेच विचारलं.

"शाळेत जातो. दात पडलाय त्याचा." ती थांबली. मी थांबले. बाजूने कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. "मी हेल्थ एड व्हायला शिकतेय. एस्तरचा तो हात सुधारला नाही, एका हाताने तिला आता जमत नाही. नंबर तिनेच दिला."

"जोआना, किती चांगली गोष्ट आहे."

"उद्या वर्गात प्रत्येकीने एक केस सांगायची आहे. मी त्याची सांगणार आहे." तिचा श्वास ऐकू येत होता. "तुम्ही मंगळवारी विमान पाठवलं नाहीत, तेही सांगणार आहे. म्हणून आधी तुम्हाला विचारतेय."

सात वर्षं मी कुणीतरी हे सरळ तोंडावर बोलेल याची वाट बघत होते, आणि ते कधीच होऊ नये असंही मला वाटत होतं.

"सांग," मी म्हटलं. "सगळं सांग. बर्फाचं मी काय उत्तर दिलं तेही. माझं नाव घेतलंस तरी चालेल."

ती खूप वेळ थांबली. या वेळी मी ती शांतता कशीच वाचली नाही. नुसती धरून राहिले.

"नाव नाही घेणार," जोआना म्हणाली. "नाव घेतलं तर मुलींना वाटेल, तशी एकच डॉक्टर होती."